परसातल्या खोलीची दाद

मालाडच्या गावठाणात अजून कुठेकुठे परस शिल्लक आहे. त्या परसात आजोबांनी थोरल्या मुलाच्या लग्नाआधी उभारलेली एखादी खोली असते. एके दिवशी तिच्या दारावर महापालिकेची नोटीस चिकटते: 1888 चा अधिनियम, कलम 351.

राहती खोली 17 एप्रिल 1964 पूर्वीची असल्याचा पुरावा द्या, म्हणतात. घरपट्टीच्या पावत्यांसाठी ट्रंका उपसल्या जातात. खुलासा द्यायचा नोटीस काढणाऱ्यालाच, निकालही त्याचाच. बांधकामाची परवानगी नाकारली, तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 47 खाली सरकारकडे अपील करता येते. या नोटिशीला तशी सोय नाही. मग वकील गाठा आणि कोर्टाची पायरी चढा.

मी बँकेत नोकरी केली. कर्ज मंजूर करणाऱ्याने स्वतःच त्याची तपासणी करायची नाही, हा तिथला पहिला धडा. पालिकेला तो का नसावा?

अपिलाच्या आडोशाने बेकायदा मजले वाचतील, ही भीती खोटी नाही. 9 जून 2021 च्या रात्री मालवणीत घर कोसळले, लहान मुले गेली. धोकादायक बांधकामाला सवलत नकोच. पण असे मजले चढतात ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बंद दाराआडच्या कारभारात निरुपद्रवी खोली पडू शकते आणि जीवघेणा मजला टिकू शकतो.

म्हणून प्रत्येक प्रभागात स्वतंत्र अपील मंडळ हवे. नोटिशीशी संबंध नसलेला अभियंता, उघड सुनावणी, शेजाऱ्यालाही बोलण्याची मुभा आणि मराठीत कारणांसह निकाल. खोली पडलीच, तर ती का पडली हे घरातल्या म्हातारीला वाचून दाखवता आले पाहिजे.