नित्याचे कामकाज आणि नगरीचे स्वराज्य

महापालिकेच्या स्थायी समितीची कार्यक्रमपत्रिका हे जगातील अत्यंत नीरस वाङ्मयांपैकी एक समजले जाते. अमुक विभागातील मलवाहिनीची दुरुस्ती, तमुक उदंचन केंद्राची देखभाल, शाळांतील मुलांसाठी वह्या व रेनकोट, रुग्णालयांसाठी औषधे व सलाइनच्या बाटल्या, पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई, खड्डे बुजविण्यासाठी लागणारे मिश्रण. विषयामागून विषय येतात, अध्यक्ष ‘मंजूर’ म्हणतात, पत्रकार कक्षात कोणी डुलकी काढतो. राजकारण म्हणजे मंत्रिमंडळे, आघाड्या आणि फाटाफूट असे मानणाऱ्यांना या कागदात काही दिसत नाही. वस्तुतः कोणाच्या नळाला किती वेळ पाणी येणार, कोणाच्या दारातील कचरा कोणत्या मजुरीवर कोण उचलणार आणि त्याचा पैसा कोणाकडून वसूल होणार, या प्रश्नांचा निर्णय विधानसभेपेक्षा याच रुक्ष कागदावर अधिक वेळा होतो. या कामाला ‘नित्याचे कामकाज’ असे नाव दिले की त्यावरील चर्चा टळते. मुंबईत तर चर्चा करणारे सभागृहच जवळजवळ चार वर्षे नव्हते.

७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्त हेच प्रशासक झाले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागांची संख्या २२७ वरून २३६ करणे आणि सत्तांतरानंतर ती पुन्हा २२७ वर आणणे, त्यावरील न्यायालयीन लढाया, अशी कारणे एकामागून एक पुढे होत गेली. संविधानाच्या २४३ (यू) या अनुच्छेदात नगरपालिकेची मुदत पाच वर्षे असून ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही मतदान व्हायला १५ जानेवारी २०२६ उजाडला, तेही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कान उपटल्यानंतर आणि दिलेली मुदत वाढवून घेतल्यानंतर. मुंबई या बाबतीत एकटी नव्हती. नवी मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथील सभागृहे २०२० सालच्या उन्हाळ्यातच संपली होती. पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होता. राज्यातील २९ महापालिकांना एकाच दिवशी मतदान करावे लागले, यातच सारे आले.

प्रशासकाच्या राजवटीत शहर बंद पडले नाही. नळांना पाणी येत होते, दिवे लागत होते, कचऱ्याच्या गाड्या फिरत होत्या. ‘नगरसेवक नसले तर काय बिघडते?’ हा प्रश्न चाळीच्या कट्ट्यावर आणि मध्यमवर्गीय सोसायट्यांच्या बैठकीत तेव्हा सर्रास विचारला जात होता, आणि तो विचारणारे सर्वच काही लोकशाहीचे शत्रू नव्हते. टक्केवारी, कंत्राटदारांशी साटेलोटे आणि प्रभागातील दादागिरी हे सर्व त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. २०१६ मधील रस्त्यांच्या कामांचा घोटाळा सभागृह भरत असतानाच झाला होता, हे विसरून चालणार नाही. सभागृह म्हणजे सचोटी असे समीकरण मांडणारा मनुष्य एक तर भाबडा असला पाहिजे किंवा उमेदवार.

तथापि बिघडले काय ते नीट पाहिले पाहिजे. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमात लोकनियुक्तांना फारशी सत्ता दिलेलीच नाही. कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे, महापौर हा बव्हंशी शोभेचा. नगरसेवकाच्या हातात दोनच गोष्टी: खर्चाला मंजुरी देणे वा नाकारणे, आणि प्रशासनाला जाब विचारणे. स्थायी समितीने आठवड्यातून एकदा भरावे, अशी कायद्याची योजना आहे. त्या हिशेबाने या काळात सुमारे दोनशे सभा भरल्याच नाहीत. दोनशे वेळा आयुक्तांनी प्रस्ताव मांडावयाचा आणि त्यांनीच प्रशासक या नात्याने तो मंजूर करावयाचा, असा व्यवहार झाला. प्रस्ताव आणि मंजुरी यांच्यामध्ये हरकतीचा मुद्दा, उपसूचना, फेरविचार किंवा निदान वर्तमानपत्रातील एखादी बातमी येण्याला जागाच उरली नाही.

या काळात हाताळला गेलेला पैसा थोडाथोडका नव्हता. २०२२-२३ चा अर्थसंकल्प ४५,९४९ कोटी रुपयांचा होता. तो मांडला गेला तेव्हा सभागृह जिवंत होते. पुढील तीन वर्षांचे अंदाज अनुक्रमे ५२,६१९ कोटी, ५९,९५४ कोटी आणि ७४,४२७ कोटी. तिन्हींची बेरीज १ लाख ८७ हजार कोटी रुपयांवर जाते. काही लहान राज्यांच्या वार्षिक अंदाजपत्रकांना मागे टाकणाऱ्या या रकमांवर एकाही निवडून आलेल्या प्रतिनिधीने मत दिले नाही. आयुक्तपदाचा अधिकारी प्रशासकपदाच्या अधिकाऱ्याला अर्थसंकल्प सादर करतो, हा प्रकार मुंबईने १९८४-८५ नंतर प्रथमच पाहिला.

आकड्यांच्या आतील रचना पाहिली तर चित्र अधिक बोलके होते. २०२५-२६ च्या अंदाजात भांडवली कामांचा वाटा ४३ हजार कोटींहून अधिक, म्हणजे निम्म्याहून पुष्कळ जास्त होता. सागरी रस्ते, बोगदे, जोडमार्ग, काँक्रीटचे रस्ते. सभागृहाची मुदत संपली तेव्हा ९० हजार कोटींच्या आसपास असलेल्या मुदत ठेवी तीन वर्षांत ८० हजार कोटींच्या घरात उतरल्या, आणि हाती घेतलेल्या प्रकल्पांची देणी ठेवींच्या दुपटीहून अधिक झाली. ठेवी मोडणे हे स्वतःच पाप नव्हे. बँकेत पैसा कुजत ठेवून नळाला पाणी न देणारी महापालिका कोणाच्या कामाची? प्रश्न आहे तो मोटारगाडीला अग्रक्रम कोणी दिला, आणि तो देताना बसच्या रांगेत उभ्या असलेल्या मनुष्याला कोणी विचारले, हा.

त्या मनुष्याचे उत्तर मे २०२५ मध्ये मिळाले. जुलै २०१९ मध्ये ‘बेस्ट’चे किमान भाडे पाच रुपयांवर आणले गेले होते आणि त्याचा गवगवाही मोठा झाला होता. ते सहा वर्षांच्या आत दुप्पट होऊन दहा रुपये झाले, वातानुकूलित बसचे सहावरून बारा. दरम्यान उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या होत्या आणि बहुसंख्य बसेस भाडेतत्त्वावर कंत्राटदारांच्या चालकांनिशी धावत होत्या. सभागृह असते तर भाडेवाढ झालीच नसती, असे नव्हे. पण समुद्रात रस्ता बांधण्यास पैसा आहे आणि बसला तूट सोसवत नाही, हे दोन ठराव एकाच सभागृहात शेजारी शेजारी ठेवून बोलण्याची सोय तरी असती.

उत्पन्नाच्या बाजूला याहून खोल बदल आधीच झाला होता. १ जुलै २०१७ पासून जकात गेली. वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास देणारे, महापालिकेने स्वतः बसविलेले आणि स्वतः वसूल केलेले उत्पन्न संपले, आणि त्याच्या जागी राज्याकडून दरमहा येणारी नुकसानभरपाई आली. दरवर्षी आठ टक्के वाढ धरण्याची तरतूद कायद्यात आहे, त्यामुळे आकड्यांचे नुकसान झाले असे कोणी म्हणणार नाही. जकातीचे समर्थन करणेही कठीण होते. नाक्यावरील लाचलुचपत सर्वांना ठाऊक होती. पण स्वतःचा कर आणि वरून येणारा धनादेश यांत फरक असतो. जो धनादेश लिहितो तो उद्या अटही लिहू शकतो. जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, ही मागणी रास्तच होती. मात्र तिची भरपाई मोठ्या मालमत्तांकडून करण्याऐवजी एप्रिल २०२५ मध्ये घनकचऱ्याच्या उपविधींचा मसुदा प्रसिद्ध झाला, आणि त्यात ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला दरमहा १०० रुपये शुल्क सुचविले गेले. ज्या घराला एका हाताने कर माफ केला, त्याच घराकडून दुसऱ्या हाताने वर्षाला बाराशे रुपये मागण्याची ही युक्ती होती. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे कळते की ऐपत न पाहता घेतलेले शुल्क गरिबाच्या खिशाला अधिक जड जाते. ओरड झाल्यावर मसुदा पुढे रेटला गेला नाही; तो कोणी मागच्या दाराने पुन्हा आणणार नाही याची हमी मात्र कोणी दिलेली नाही.

लोकनियुक्तांची रिकामी झालेली जागा रिकामीच राहिली, असेही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एका पक्षाच्या दोन गटांत हमरीतुमरी झाल्याचे निमित्त होऊन महापालिका मुख्यालयातील राजकीय पक्षांच्या कार्यालयांना टाळी लागली. जुलै २०२३ मध्ये त्याच इमारतीत उपनगर जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांसाठी दालन सिद्ध झाले. नगरसेवकाच्या निधीऐवजी आमदार-खासदारांच्या शिफारशीने महापालिकेचा पैसा कामांवर खर्च होऊ लागला, आणि सत्ताधारी व विरोधी आमदारांत त्याचे वाटप कसे झाले, यावर गदारोळही झाला. ‘राजकारणविरहित प्रशासन’ या शब्दांचा अर्थ इतकाच निघाला की राजकारण सभागृहातून उठून दालनात जाऊन बसले.

समाजवादी कार्यकर्त्याला हा विषय नवा नसावा. युसुफ मेहेरअली १९४२ साली मुंबईचे महापौर झाले. १९६१ साली मृणाल गोरे गोरेगावातून महापालिकेत निवडून गेल्या आणि पुढे ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनीच दिले. ते नाव केवळ हंडा-मोर्चाने मिळालेले नव्हते. जलवाहिनी कोणत्या रस्त्याने यावी, तिचा व्यास किती असावा आणि ती रखडते कोणाच्या टेबलावर, याचा पाठपुरावा त्यामागे होता. अमेरिकेतील मिल्वॉकी शहराने १९१० साली समाजवादी महापौर निवडला, आणि डॅनियल होन हे समाजवादी तेथे १९१६ ते १९४० असे चोवीस वर्षे महापौर होते. गटारे, पाणी, उद्याने आणि आरोग्यखाते यांत ते इतके गुंतलेले असत की क्रांतीच्या गप्पा करणारे त्यांचेच सहकारी त्यांना ‘गटार-समाजवादी’ म्हणून हिणवीत. त्यांनी ते नाव अंगाला लावून घेतले नाही.

मुंबईत पाण्याचा प्रश्न आजही त्याच टेबलावर अडतो. २००० सालानंतरच्या झोपड्यांनाही पाणी मिळाले पाहिजे, असा निर्णय उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर दिला. ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण मे २०२२ मध्ये जाहीर झाले. धोरण आणि नळजोडणी यांच्यामध्ये अर्जाचा नमुना, जागेच्या मालकाचे ना-हरकत पत्र, परवानाधारक प्लंबर, कनिष्ठ अभियंत्याची पाहणी आणि रस्ता खोदण्याची परवानगी एवढ्या पायऱ्या आहेत, आणि त्यांतील प्रत्येक पायरी ‘नित्याचे काम’ या सदरात मोडते. केंद्राची, राज्याची, रेल्वेची किंवा वनखात्याची जमीन निघाली की अर्ज तेथेच थांबतो. जाहीरनाम्याने तो हलत नाही.

सफाईची गोष्टही अशीच. २,७०० कंत्राटी कामगारांना महापालिकेने कायम करावे, असा निर्णय कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला. त्या कामगारांना आधी ‘स्वयंसेवक’ ठरविले गेले होते, कामगार नव्हे. तरीही २०२५ मध्ये कचरा उचलण्याचे व वाहून नेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर कंत्राटाने देण्याच्या निविदा निघाल्या आणि संघटनांना संपाची हाक द्यावी लागली. कायम कामगार निवृत्त झाला की त्याची जागा भरावयाची नाही, आणि काही वर्षांनी मनुष्यबळ नाही म्हणून कंत्राट काढावयाचे: खासगीकरणाचा हा मार्ग एकही धोरणात्मक ठराव न करता पुढे सरकतो. तो फक्त आस्थापना विभागाच्या रिक्त पदांच्या तक्त्यात दिसतो, आणि तो तक्ता मागण्याचा हक्क नगरसेवकाला आहे.

आता सभागृह परत आले आहे. मधल्या चार वर्षांत दिलेली कंत्राटे बहुवार्षिक आहेत. त्यांची देयके पुढची कित्येक वर्षे ‘आधीच मंजूर झालेली बाब’ म्हणून समोर येत राहतील आणि नव्या सदस्यांना सांगितले जाईल की यात आता बोलण्यासारखे काही नाही. ते खरे नाही. कंत्राटातील खर्चवाढीचे प्रस्ताव, मुदतवाढ, दंडमाफी, या सर्वांना मंजुरी लागते, आणि कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरला की नाही हे प्रत्येक देयकापूर्वी विचारता येते. पक्षाचा नगरसेवक नाही अशा प्रभागांची संख्या मोठी आहे, हे मान्य. तेथेही प्रभाग समितीच्या सभेचे विषय काय, हे विभाग कार्यालयात विचारता येते, माहितीच्या अधिकारात कंत्राटाची प्रत मिळविता येते, आणि हजेरीचौकीवर सकाळी उभे राहून कागदावरील चाळीस कामगारांपैकी प्रत्यक्षात झाडू घेऊन किती निघतात, ते मोजता येते.