नळाची बिअर, झाडाचा गोरगा

पुण्या-मुंबईच्या एखाद्या बारमध्ये वीस-वीस नळांतून वेगवेगळी ताजी बिअर मिळू लागली की आपण तिला 'संस्कृती' म्हणतो. भामरागडच्या माडियाने गोरग्याच्या झाडाला मडके बांधले की त्याला 'व्यसन' म्हणतो. हा भेद चवीचा नाही, अबकारी खात्याचा आहे. आणि त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

गोरगा म्हणजे माडाच्या जातीच्या झाडाचा रस. झाडावरून उतरला की काही तासांत आंबतो, फार वेळ ठेवला की आंबट होऊन जातो. बाटलीत भरून तो दूर पाठवता येत नाही, म्हणून त्यावर शिक्का मारून कर घेणेही अवघड. मोहाचे तसे नाही. फुले वाळवून साठवता येतात, टंचाईत भाकरीच्या जागी खाता येतात आणि गाळून दारूही करता येते. सरकारची नजर मोहावर आधी का गेली, हे एवढ्यावरून कळावे.

मुंबई इलाख्यात 1878 चा अबकारी कायदा आला आणि घरोघरी गाळली जाणारी दारू गुन्हा ठरली. पुढे 1892 मध्ये ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही कायद्याने बंधन आले. दारूवर नव्हे, फुलांवर! चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता, त्यामुळे हे कायदे तिथले नव्हेत. पण तिथेही भट्ट्यांचे ठेके लिलावात जात होतेच. ज्याने पैसे भरले त्याची दारू कायदेशीर, ज्याने स्वतःच्या मोहाची गाळली तो गुन्हेगार. 'आदिवासी पूर्वीपासूनच दारुडे' असे समाजमाध्यमांवर ठोकून देणाऱ्यांनी आधी हे सांगावे की ठेक्याचे दुकान जंगलात कोणी नेले.

इथे कोणी उडी मारून म्हणेल, 'म्हणजे दारूबंदी चुकीची!' नाही. गडचिरोलीची 1993 ची दारूबंदी जनआंदोलनातून आली. चंद्रपूरसाठी डिसेंबर 2010 मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळापर्यंत चालत गेल्या. त्यांना 'शहरी नीतिवादी' ठरवणारी मंडळी मला खरेच समजत नाहीत. चिमूर ते नागपूर हे अंतर एकदा नकाशावर तरी पाहावे. मजुरीचा पैसा दुकानात जातो आणि मार घरात येतो, हे त्या स्त्रियांना कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागले नव्हते.

चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 पासून बंदी आली. मे 2021 मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध दारू वाढली, गुन्हे वाढले, महसूल बुडाला, ही कारणे दिली गेली. पहिल्या दोहोंवर वाद घालता येईल. तिसरे मात्र ओळखीचे आहे. ब्रिटिश अबकारी अधिकाऱ्यांच्या अहवालांतही तेच असे.

आता बिअरकडे. पुण्यात 2009 मध्ये 'डूलाली' सुरू झाली आणि छोट्या ब्रुअरीला महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळाली. त्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या दुटप्पी वापराला. हाच कायदा आजही राज्यात लागू आहे. त्याच्याच छायेत शहरात परवाना घेऊन नळ लागतात आणि त्यानेच मोहफुलांना दशकानुदशके नियंत्रित वस्तू करून ठेवले. शहरातल्या ताज्या, स्थानिक, हाताने केलेल्या पेयाचे कौतुक करताना ही तिन्ही विशेषणे गोरग्यालाही तंतोतंत लागू पडतात, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मग निर्णय कोणी करायचा? 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार दिला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तर हा कायदा येण्यापूर्वीच, सर्वसहमतीने, आपला निर्णय आपण घेतला होता. दारूबंदी ठेवावी की उठवावी यावर मुंबईत समित्या नेमल्या जातात. प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत, स्त्रियांच्या उपस्थितीत, हा प्रश्न एकदा तरी मांडावा असे त्या समित्या नेमणाऱ्यांना का सुचत नाही?