बायोप्सीला भिऊ नका

‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ हे वाक्य आपल्याकडे आजही घरोघरी ऐकू येतं. या भीतीपोटी बायोप्सी लांबते आणि उपचारांचे मोलाचे आठवडे हातचे जातात. म्हणूनच हा अंक आम्ही ऊतींच्या तपासणीला वाहिला आहे.

स्तनातल्या गाठीचा काडीएवढा बारीक नमुना फॉर्मालिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी किती बिघडल्यात, त्यांत इस्ट्रोजेनचे ग्राही आहेत का, ‘हर-टू’ प्रथिन जास्त आहे का, यांवरून आजाराची पुढची चाल आणि औषध यांचा अंदाज बांधता येतो. ‘हर-टू’ जास्त असणं एकेकाळी निव्वळ वाईट बातमी होती. १९९८मध्ये अमेरिकेत ‘हर-टू’वर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि तीच खूण उपचाराची दिशा दाखवू लागली.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात असे नमुने संशोधनासाठीही जपले जातात. त्यामुळे रुग्णाच्या संमतीचा प्रश्नही आम्ही या अंकात आवर्जून घेतला आहे.

अंक वाचून तुमचे अनुभव, शंका, मतभेद जरूर कळवा. आणि डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली असेल, तर ती पुढे ढकलू नका.