कोरेगावच्या स्तंभानंतरचे शहीद

दरवर्षी १ जानेवारीला करकंब आणि आसपासच्या गावांतून आंबेडकरी जनता मिळेल त्या वाहनाने कोरेगाव भीमाला जाते. कोरेगावची भीमा हीच पुढे आमच्या पंढरपूर तालुक्यातून वाहते. स्तंभावरील महार सैनिकांच्या २२ नावांपुढे मान लवते, आणि लवलीच पाहिजे. १ जानेवारी १९२७ रोजी खुद्द बाबासाहेब तेथे गेले होते. पण २५ नोव्हेंबर म्हटल्यावर आमच्या किती कार्यकर्त्यांना काही आठवते? त्या दिवशी आपण दुसऱ्या दिवशीच्या संविधान दिनाचे हार आणि मंडप ठरवण्यात गुंतलेले असतो.

२५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन श्रीलंकेत एका शोधमोहिमेवरून तुकडीसह परतत होते. अंधारात तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. मेजरांनी डोके शांत ठेवून पाठीमागून हल्लेखोरांना वेढा घातला. समोरासमोरच्या झटापटीत त्यांच्या छातीत गोळी लागली. तशाही स्थितीत त्यांनी गोळी झाडणाऱ्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत ते जवानांना हुकूम देत राहिले. पाच अतिरेकी मारले गेले. वय ४१, जन्म मुंबईचा. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. महार रेजिमेंटचे हे एकमेव परमवीर चक्र.

ही रेजिमेंट कोणी दान दिलेली नाही. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. कोरेगावात ज्यांचे रक्त सांडले, त्यांचे नातू एका सरकारी हुकुमाने भित्रे ठरले! गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केला. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. शेवटी १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता, तो पुढे काढून तेथे खंजीर आला. म्हणजे १८१८ आणि १९८७ हा एकच इतिहास आहे. आपण त्याचे पहिले पान पाठ केले आणि पुढची उघडलीच नाहीत.

कोणी म्हणेल, परमवीर मेजर तर आपल्या समाजाचे नव्हते. मग काय झाले? बाबासाहेबांनी मिळवला तो सैन्यात जाण्याचा हक्क होता, जातीचा वाडा नव्हे. आज या रेजिमेंटमध्ये देशभरातील सर्व समाजांचे जवान आहेत. ज्यांना एकेकाळी हातात बंदूक देण्याच्या लायकीचे मानले जात नव्हते, त्यांच्या नावाच्या रेजिमेंटमध्ये मुंबईचा एक तमिळ अधिकारी जवानांच्या पुढे राहून लढतो आणि मरतो, ही घटना जातीयवाद्यांना त्रासाची वाटायला हवी. ती आपणच विसरून बसलो आहोत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बौद्ध म्हणवणाऱ्यांनी लढाईचे गोडवे गावेत काय? आणि तेही श्रीलंकेतील लढाईचे? १९५० साली बाबासाहेब तेथील बौद्ध परिषदेला गेले होते. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरात आपण समतेची दीक्षा घेतली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्या बौद्धबहुल देशाने फक्त सिंहलीला राजभाषा करून तमिळांना दुय्यम ठरवले. धम्माचे नाव घेऊन विषमता जपता येते, याचा हा आपल्यासमोरचा पुरावा आहे. पुढे त्या आगीत आपली शांतिसेना गेली आणि तिच्या कारवाईत निरपराध तमिळ नागरिकही मेले. हे लपवून आदरांजली वाहणे आम्हांस मान्य नाही. युद्धाला हार घालू नये. पण आपल्या लोकांना वाचवताना पडलेल्या माणसाचे नाव घेण्यात धम्माला बाधा येते, असेही आम्ही मानत नाही.

त्या मोहिमेला सरकारने युद्ध म्हटले नाही. अकराशेहून अधिक भारतीय जवान तेथे पडले. मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागतालाही गेले नाहीत. या शहिदांचे स्मारक श्रीलंकेने कोलंबोजवळ उभारले. दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारक व्हायला २५ फेब्रुवारी २०१९ उजाडावे लागले. २०२३ मध्ये अंदमानच्या एका बेटाला मेजर परमेश्वरन यांचे नाव मिळाले. चांगले झाले, पण ते बेट करकंबच्या शाळेतील पोराला कोण दाखवणार? सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या आपल्या मुलांपैकी किती जणांना, पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्याचीही परीक्षा असते, हे कोणी सांगितले आहे?

आमची सूचना साधी आहे. २५ नोव्हेंबरच्या सायंकाळी करकंब परिसरातील विहारांत मेजर परमेश्वरन यांना अभिवादन करावे. सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे लेखी अर्ज करून तालुक्यातील शहीद जवानांची यादी मागवावी आणि ती त्या सभेत मोठ्याने वाचावी. नावापुढे जात लावू नये. यादीत मराठा, धनगर, मुस्लिम, मातंग जो कोणी असेल, त्याच्या घरी कार्यकर्त्यांनी स्वतः जाऊन निमंत्रण द्यावे. आणि दुसऱ्या दिवशी त्याच मंडपात संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करण्याचा पहिला मान त्या घरातल्या मातेला किंवा पत्नीला द्यावा. अर्जाला तीस दिवसांत उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहेच.