नाम आणि आज्ञार्थ

'विज्ञान : शाप की वरदान?' हा विषय आपल्या वक्तृत्वस्पर्धांतून पिढ्यान्‌पिढ्या गाजत आला आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे हा प्रश्नच चुकीचा आहे. यंत्रात खोट निघाली तर जबाबदार कोण, हा खरा प्रश्न. घरोघरी कोपऱ्यात दिवे लुकलुकवीत बसलेल्या राऊटरचेच उदाहरण घेऊ.

राऊटर हा एक लहानसा संगणकच होय. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वारंवार आढळणारा एक दोष समजून घ्यायला शास्त्रशाखेत जावे लागत नाही. शाळेतले व्याकरण पुरते. घड्याळ जुळवण्यासाठी राऊटर एका रकान्यात वेळ सांगणाऱ्या संगणकाचे नाव घेतो. म्हणजे तिथे नाम अपेक्षित असते. कुणी त्या जागी आज्ञार्थी वाक्य घातले आणि यंत्राने ते न तपासता पुढे धाडले, तर यंत्र निमूटपणे ती आज्ञा पाळते! घर आपले, वीज आपली, हुकूम मात्र परक्याचा.

ही कल्पनेची भरारी नव्हे. आयर्लंडमध्ये ग्राहकांना दिलेल्या एका राऊटरमधील नेमका हाच दोष नोव्हेंबर २०१६ मध्ये उघडकीस आला. लगेच 'मिराई' या घातकी सॉफ्टवेअरच्या नव्या अवताराने तोच रकाना धरून जगभरच्या राऊटरांवर धडका मारल्या. २७ नोव्हेंबरपासून जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. विशेष म्हणजे त्या जर्मन राऊटरांत हा दोष नव्हताच. केवळ धडकांच्या माऱ्याने ते बंद पडले.

एकाच्या अंगणातल्या फुटक्या टायरात पाणी साचते आणि डेंग्यू साऱ्या आळीला होतो, तसाच हा प्रकार. म्हणून 'माझ्या राऊटरमध्ये चोरण्यासारखे आहे काय?' हा युक्तिवाद टिकत नाही.

काहीजण म्हणतील, लोकांनीच सावध राहावे. मान्य. मूळचा पासवर्ड बदलावा, कंपनीने दिलेली सुधारणा वेळेवर घ्यावी. परंतु रकान्यात काय लिहिले आहे ते तपासण्याचे काम गृहिणीचे की यंत्र बनवणाऱ्याचे? आणि कंपनीने सुधारणा देणेच थांबवले, तर ग्राहकाने काय करावे? औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात. राऊटरच्या खोक्यावर का नको? ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून अशा घरगुती उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देण्यास बंदी आहे आणि सुरक्षेच्या सुधारणा किमान कधीपर्यंत मिळतील, हे विक्रीपूर्वी जाहीर करणे बंधनकारक आहे. आपणही दुकानात किमतीआधी ही तारीख विचारावी. विचारणारे वाढले, की छापणारेही वाढतील.

प्राध्यापकांना एक नम्र सूचना : पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत शाप-वरदानाला विश्रांती द्यावी. 'यंत्र आमचे, जबाबदारी कोणाची?' हा विषय ठेवावा. मी नाव नोंदवायला तयार आहे.