मामाचा गुडघा आणि टेस्ट प्लॅन

गेल्या शनिवारी दिवा-रोहा गाडीने घरी जाताना मध्येच पेणला उतरलो, मामाकडे. मामा गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. सगळं आयुष्य मांडी घालून नाहीतर उकिडवं बसून गेलेलं. आता उजव्या गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, मुळापासून सुटली आहे. डॉक्टर म्हणाले, टाके घालून परत हाडाला बांधू. मामाचा प्रश्न एकच, "अरे, तू इंजिनिअर ना? मग सांग, बांधल्यावर मला खाली बसता येईल का?"

उत्तर येईना. रोह्याला पोचलो आणि रात्रभर वाचत बसलो.

तर मंडळी, अशा टाक्यांचंही टेस्टिंग होतं. मरणोत्तर दान केलेला गुडघा यंत्रात घट्ट पकडतात, आतला दाब मोजायची सोय करतात आणि वरून भार देतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात असे ९ गुडघे होते. भार १००० न्यूटन, म्हणजे साधारण १०० किलो. गादीचं मूळ सुटलं की सांध्यातला कमाल दाब सुमारे २५ टक्क्यांनी वाढला, जवळपास अख्खी गादी काढून टाकल्यासारखा. मूळ परत बांधलं की दाब पूर्ववत! वाचून बरं वाटलं.

पण खरी गोची पुढेच आहे. गुडघा तपासला ०, ३०, ६० आणि ९० अंशांत. ९० म्हणजे खुर्चीत बसणं. उकिडवं बसलं की गुडघा १२० च्याही पुढे जातो. म्हणजे मामाचा युज केस त्या टेस्ट प्लॅनमध्ये नव्हताच!

शिवाय लॅबमधला गुडघा दुखत नाही, भरूनही येत नाही. आपल्या भाषेत, युनिट टेस्ट पास झाली म्हणजे प्रॉडक्शनमध्ये चालेलच असं नाही. २००२ साली ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर चाचणी केली. काहींचा गुडघा दुर्बिणीने आतून धुतला किंवा साफ केला, काहींना नुसतेच वरवर छेद दिले. दोन वर्षांनी वेदनेत फरक नाही!

म्हणून लॅब निरुपयोगी का? मुळीच नाही. माझं म्हणणं इतकंच, की टेस्टमध्ये आपलं बसणंही हवं. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेतींनी 'इंडस नी' हा देशी कृत्रिम गुडघा तयार केला. मग टाक्यांची परीक्षा आपल्या मांडीवर का होऊ नये? त्यासाठी अर्थात देहदान करणारी माणसंही लागतील. फॉर्म भरायचा मी तरी कंटाळाच करत आलोय.

रविवारी मामाला खरं ते सांगितलं, "चालण्यासाठी बांधून घे. खाली बसण्याचं डॉक्टरांना स्पष्ट विचारू, किती अंशांपर्यंत आणि किती महिन्यांनी."

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "तोवर उंच टेबल करून घेऊ. बाप्पा वर बसेल, मी खुर्चीत."