शिखंडी कोणत्या कप्प्यात?

यवतमाळ जिल्ह्यातील पारवा हे नाटककार महेश एलकुंचवार यांचे जन्मगाव. त्यांच्या ‘गार्बो’ नाटकातील एका पात्राचे नाव पॅन्सी. बायकी पुरुषाला हिणविण्यासाठी इंग्रजीत वापरला जाणारा हा शब्द. आता याच जिल्ह्यातील एखाद्या ग्रंथपालाने ‘गार्बो’ची विषयनोंद करायला घेतली, तर पॅन्सीसाठी तो कोणता मराठी शब्द लिहील? बहुधा कोणताच नाही. ‘नाटक, सामाजिक’ एवढे लिहून तो पुढचे पुस्तक हाती घेईल.

दोष त्याचा नाही. त्याच्यापुढे शब्द आहेत ते एकतर शिवीच्या उंबरठ्यावरचे, नाहीतर उसने. जयवंत दळवींचे ‘नातीगोती’ रंगभूमीवर आले तेव्हा त्यातील मुलासाठी रूढ शब्द होता ‘मतिमंद’. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले आणि शब्दही बदलले. अशा मुलाच्या आईवडिलांनी हे नाटक कोणत्या शब्दाने शोधावे? सूचीतील जुना शब्द नव्याकडे बोट दाखवीत नसेल, तर पुस्तक कपाटात असूनही त्यांच्यापुरते नाहीच!

‘दिव्यांग’ शब्दामागील सद्भावाविषयी वाद नाही. परंतु सन्मान संबोधनात शोभतो, सूचीला नेमकेपणा लागतो. अंध नायक आणि मूकबधिर नायिका एकाच खणात कोंबणे हा सन्मान नव्हे, आळस आहे.

महानगरी विद्वानांचा तोडगा ठरलेला असतो. अमेरिकेतील शब्दसूची उचलावी, ‘क्वीअर’ असे देवनागरीत लिहावे आणि पुरोगामी म्हणून मिरवावे. पण ज्या पाश्चात्त्य तालिका हे वेदवाक्य मानतात, त्यांचा इतिहास त्यांनी कधी चाळला आहे काय? ड्यूई यांच्या दशमान वर्गीकरणाच्या 1932 च्या आवृत्तीत समलैंगिकतेची जागा मनोविकारांत होती. पुढे ती हलवावी लागली. ज्यांचे स्वतःचे खण स्थिर नाहीत, त्यांच्या मापाने शिखंडी, बृहन्नडा आणि अष्टावक्र यांना मोजायचे? वात्स्यायनाने ‘तृतीया प्रकृती’ ही संज्ञा वापरली, तीत तुच्छता नाही.

मात्र परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. अशा कलाकृतीचे नाव निघताच ‘विकृती’ हा शब्द ओठांवर का येतो? तो विषय नव्हे, निवाडा आहे. आणि निवाडा देणे हे ग्रंथसूचीचे काम नव्हे. जानेवारी 2023 मधील मुलाखतीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी जरासंधाच्या हंस व डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन, असे लोक समाजात पूर्वीपासून आहेत आणि त्यांनाही समाजाचा भाग असल्याचे जाणवले पाहिजे, असे सांगितले. कार्यकर्त्यांच्या घरात ते किती वाचले गेले?

तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधील मित्रा स्त्रीवर प्रेम करते, म्हणून ती ‘तृतीयपंथी’ ठरत नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये भाऊ आणि बहीण एकाच तरुणात गुंततात. शिखंडीची कथा या दोहोंहून वेगळी. तिघांना तीन शब्द हवेत, आणि सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ घडविलेल्या भाषेला ते जड जाऊ नयेत.

1973 आणि 2019 अशी दोनदा साहित्य संमेलने भरविणाऱ्या यवतमाळने हे काम चार पुस्तकांपासून आरंभावे. ज्यांच्याविषयी शब्द घडवायचे, त्यांना सोबत बसवावे. आणि ‘पांगळा’, ‘हिजडा’ असे जुने शब्द शोधणाऱ्याला नव्या शब्दाकडे पाठविणारी एक ओळ नोंदवहीत आजच लिहावी.